फॉन्टच्या कुलपातली मराठी

१९८८ साली आपण दहावीची परीक्षा दिली. त्याच वर्षी पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले आणि भारतीय लिप्या संगणकात कशा साठवायच्या याच्या प्रमाणाची सुधारित आवृत्तीही त्याच वर्षी ठरली. आपल्याला या दोन्हींची गंधवार्ता नव्हती. शाळेत संगणक नव्हता. गावात ‘यंत्रावर मराठी’ म्हणजे बाजारपेठेतला टायपिंगचा क्लास. दहावीनंतरच्या सुट्टीत आपल्यापैकी निम्मे जण तिथे मिनिटाला तीस शब्दांच्या सरकारी परीक्षेसाठी बोटे बडवत होते. त्या तीस शब्दांवर काही जणांना नोकऱ्याही लागल्या.

या लेखात मला गोष्ट सांगायची आहे ती त्या टंकलेखन यंत्रापासून आज आपल्या खिशातल्या मोबाइलपर्यंत मराठी कशी आली याची. आली ती सरळ रस्त्याने आली नाही. योग्य वाट १९८८ मध्येच आखून झाली होती आणि तरी आपण जवळजवळ वीस वर्षे आडवाटेने हिंडलो. त्या आडवाटेवर बरेच काही सांडले. त्यात आपल्या शाळेचेही काही होते.

आधी टंकलेखन यंत्राबद्दल दोन शब्द, कारण पुढच्या सगळ्या भानगडीचे मूळ तिथे आहे. यंत्राला जेमतेम शेचाळीस कळा, प्रत्येकीवर दोन खुणा. आपल्या बाराखड्या आणि जोडाक्षरे त्यात बसवायची म्हणजे अक्षरांचे तुकडे करणे आले. काही अक्षरे अर्धी छापायची आणि पुढे काना ठोकला की ती पूर्ण व्हायची. ‘कि’ लिहायचे तर आधी वेलांटी आणि मग ‘क’, कारण कागदावर वेलांटी आधी दिसते. म्हणजे यंत्राला भाषा कळत नव्हती, चित्र कळत होते. यंत्राच्या दृष्टीने ते रास्तच होते. कागदावर उमटले की त्याचे काम संपले.

संगणकाचे काम मात्र उमटवण्यापाशी संपत नाही. त्याला शोधायचे असते, यादी अकारविल्हे लावायची असते, दुसऱ्या संगणकाला पाठवायचे असते. त्यासाठी अक्षराचे चित्र नव्हे, तर अक्षर साठवावे लागते. ही गोष्ट भारतात फार लवकर ओळखली गेली, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही. १९८०च्या दशकात कानपूरच्या आयआयटीमध्ये प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि त्यांचे सहकारी देवनागरी संगणकावर आणण्याचे काम करत होते. त्यातले मोहन तांबे पुढे सी-डॅकमध्ये आले आणि ‘जिस्ट’ नावाचे तंत्रज्ञान पुण्यात वाढले. त्याच सुमारास ‘इस्की’ हे प्रमाण ठरले. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये ते ‘आयएस १३१९४’ या क्रमांकाने प्रसिद्ध केले.

इस्कीची कल्पना साधी आणि सुरेख होती. संगणकाच्या एका बाइटमध्ये २५६ खुणा मावतात. त्यातल्या पहिल्या १२८ इंग्रजीसाठी आधीच ठरलेल्या होत्या, त्यांना हात लावायचा नाही. उरलेल्या जागेत भारतीय वर्णमाला बसवायची. वर्णमाला म्हणजे वर्णच, त्यांचे आकार नव्हेत. ‘र’ला एकच क्रमांक. मग तो ‘कर्म’मध्ये रफार होऊन डोक्यावर बसो, ‘क्रम’मध्ये पोटाला चिकटो किंवा ‘ट्रक’मध्ये खाली टोपीसारखा लागो. कुठे कसा दिसायचा ते संगणकाने पडद्यावर दाखवताना ठरवायचे. साठवायचा मात्र उच्चाराच्या क्रमाने. ‘क्ष’ म्हणजे क, हलंत, ष. आपल्या मराठीच्या बाई फळ्यावर जोडाक्षर फोडून दाखवायच्या, नेमके तसे.

आणखी एक गंमत होती. आपल्या बहुतेक लिप्या ब्राह्मीच्या लेकी, त्यामुळे सगळ्यांचा ‘क’ एकाच क्रमांकावर ठेवला. मराठीत लिहिलेले नाव एका आज्ञेसरशी कन्नडात किंवा बंगालीत दिसू शके. याच विचाराने ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक तयार झाला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, आणि भारतातल्या साऱ्या लिप्यांना एकच मांडणी. एकदा शिकलात की गुजराती टंकलेखकालाही तोच उपयोगी. माझ्या मते सरकारी समित्यांच्या हातून इतके नेटके काम क्वचितच होते.

मग बिनसले कुठे?

सुरुवातीला ‘जिस्ट’ कार्ड नावाचा एक भाग संगणकात बसवावा लागे. तो बसवला की त्या वेळच्या डॉसवर चालणाऱ्या नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये मराठी अक्षरे दिसत. पण कार्ड स्वतंत्र विकत घ्यावे लागे आणि ते होते फक्त तिथेच मराठी चाले. मग नव्वदच्या दशकात विंडोज आले आणि त्याबरोबर डीटीपीची लाट आली. गावोगावचे खिळे जुळवणारे छापखाने बंद पडले आणि त्यांच्या जागी एक संगणक, एक लेझर प्रिंटर आणि पेजमेकर असे दुकान उभे राहिले. त्या दुकानाला लग्नपत्रिका छापायची होती. तिला इस्कीशी कर्तव्य नव्हते. तिला सुबक अक्षर हवे होते आणि ते उद्या संध्याकाळपर्यंत हवे होते.

ते देण्याचा सोपा मार्ग सापडला तो असा. संगणकाला इंग्रजीच समजू द्यायचे, पण इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकारांचे तुकडे काढलेला फॉन्ट बसवायचा. आपण कळ दाबतो, संगणकाच्या लेखी तिथे एखादे इंग्रजी अक्षर नाही तर टक्क्याची खूण साठते, आणि पडद्यावर मात्र अर्धा ‘ग’ दिसतो. टंकलेखन यंत्राचीच युक्ती ही, काचेच्या पडद्यामागे गेलेली! वेलांटी आधी, अक्षर नंतर. रफार अक्षराच्या आधी नाही, तर मात्रेसकट सगळे लिहून झाल्यावर. टायपिंगचा क्लास केलेल्यांना ती सवय होतीच, त्यामुळे कोणी कुरकुर केली नाही. इनस्क्रिप्ट शिकायला कोण बसणार?

यात एक मेख होती. कोणत्या इंग्रजी खुणेच्या जागी कोणता मराठी तुकडा, हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी वेगळे, आकृती वेगळे, सी-डॅकचे स्वतःचे आयएसएम आणखी वेगळे. सी-डॅकने फॉन्टच्या तुकड्यांसाठीही ‘इस्फॉक’ नावाची एक पद्धत काढली होती. बाकीच्यांनी ती काही उचलली नाही. परिणाम असा की एका दुकानात टंकलेली मराठी दुसऱ्या दुकानात उघडली की डॉलर, टक्के, कंस आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. फाइलबरोबर फॉन्ट असेल तरच मराठी. फॉन्ट विकत घ्यावा लागे, आणि काही पॅकेजांना तर संगणकाच्या मागे लावायचे एक खरोखरचे कुलूप असे, त्याला डोंगल म्हणत. ते हरवले की पॅकेज बंद.

या कंपन्यांना खलनायक ठरवणे मला पटत नाही. आपल्या वर्गातल्या ज्यांनी डीटीपीवर संसार उभे केले त्यांना विचारा. बाजार लहान, नकला अमाप, एका फॉन्टची शेकडो फुकट्या हातांनी वाटणी. डोंगल त्यातूनच आले. मराठी वर्तमानपत्रे, दिवाळी अंक, पाठ्यपुस्तके त्या वीस वर्षांत निघाली ती याच फॉन्टांवर, आणि त्यांतले कितीतरी आकार देखणे होते. खलनायक शोधायचाच तर तो गिऱ्हाइकात शोधावा लागेल. सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते सरकार. स्वतःच प्रसिद्ध केलेले प्रमाण हाताशी असताना सरकारी कचेऱ्या वर्षानुवर्षे फॉन्टची पाकिटे विकत घेत राहिल्या. ‘तुमच्या पॅकेजात टंकलेली फाइल दुसऱ्या पॅकेजात उघडली पाहिजे’ ही एक ओळ निविदेत घातली असती तर सगळ्या कंपन्यांनी ती वर्षभरात पाळली असती. प्रमाण कागदावर असून भागत नाही, खरेदी करणाऱ्याने ते मागावे लागते.

इंटरनेट आल्यावर हे दुखणे उघडे पडले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केले. पुढच्या काही वर्षांत मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळे निघाली, पण वाचायला प्रत्येकाचा फॉन्ट आधी उतरवून घ्यायचा. अमेरिकेत आणि आखातात गेलेले आपले सोबती याची कहाणी रंगवून सांगतात. सर्चमध्ये ‘पुणे’ शोधले तर काही सापडत नसे, कारण त्या पानांवर ‘पुणे’ नव्हतेच, होती ती खिचडी. मराठीत रोज हजारो पाने लिहिली जात होती आणि संगणकाच्या हिशेबी मराठी नावाची भाषा अस्तित्वातच नव्हती.

आता शाळेची गोष्ट. आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका १९९८ साली निघाली. गावातल्याच एका डीटीपी दुकानात ती जुळवली होती. ते दुकान आता नाही. मुख्याध्यापकांची पहिल्यापासूनची यादी, देणगीदारांची नावे, जुन्या शिक्षकांच्या आठवणी असा ऐवज तिच्यात होता. छापील प्रती घरोघरी गेल्या आणि रद्दीतही गेल्या. शाळेच्या कपाटातल्या प्रतीला वाळवी लागली आणि मधली काही पाने गेली. या वर्षीच्या स्मरणिकेसाठी जुने साहित्य गोळा करताना एका मित्राच्या माळ्यावर त्या वेळची सीडी मिळाली. सीडी चालली, याचेच आम्हाला नवल वाटले. फाइलही उघडली. आत दोनशे पाने खिचडी.

कोणत्या कंपनीचा फॉन्ट हे शोधण्यात एक आठवडा गेला. त्या फॉन्टसाठी युनिकोडमध्ये रूपांतर करणारा एक प्रोग्रॅम कोणीतरी हौशी माणसाने लिहून मोफत ठेवला होता, तो सापडला. त्यातून मजकूर बाहेर आला खरा, पण जखमी होऊन. वेलांट्या शेजारच्या अक्षरावर बसल्या, रफार भलतीकडे गेले, ‘वऱ्हाड’ आणि ‘दुसऱ्या’मधला तो अर्धा ‘र’ कुठे गायब तर कुठे दुप्पट. आणि नेमका पहिला लेख होता मराठीच्या बाईंचा. ज्यांनी ‘आणि’ची वेलांटी चुकली म्हणून आपल्याला शंभर वेळा लिहायला लावले, त्यांच्याच लेखात प्रत्येक ओळीला ऱ्हस्वदीर्घाची कत्तल! बाई आज असत्या तर लाल पेन हातात घेऊनच बसल्या असत्या. आपल्या बॅचच्या तिघींनी रात्री जागून तो लेख पुन्हा शुद्ध केला. वाळवीने खाल्लेली पाने त्यात होती. बाई १९६० च्या दशकात शाळेत रुजू झाल्या तेव्हा मुलींचा वर्ग वेगळा बसे आणि तो एकत्र करताना काय काय घडले, हे त्यांनी त्या लेखाशिवाय दुसरीकडे कुठेच लिहिलेले नाही. तो लेख याच अंकात पुढे पुन्हा छापला आहे. जरूर वाचा.

कुलूप उघडणारी किल्ली या सगळ्या काळात बाहेर तयार होत होती. झेरॉक्स आणि ॲपल या अमेरिकन कंपन्यांतल्या काही जणांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस ठरवले की जगातल्या सगळ्या लिप्यांना मिळून एकच क्रमवारी असावी. ऑक्टोबर १९९१ मध्ये ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरीला १२८ जागा मिळाल्या, २३०४ पासून २४३१ पर्यंत. ‘क’चा क्रमांक २३२५, आपल्या लाडक्या ‘ळ’चा २३५५. हा क्रम लावताना त्यांनी १९८८ची इस्कीच समोर ठेवली होती. म्हणजे कानपूर-पुण्यात केलेले काम जगाने घेतले, पण घरी ते दारात उभेच राहिले. १९९१ हे वर्षही नवलाचे. युनिकोड, भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाण, पुण्याचा परम ८००० महासंगणक आणि फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेले लिनक्स, सगळे त्या एका वर्षातले.

युनिकोड कागदावर आले, तरी संगणकाला जोडाक्षरे जुळवता यायला आणखी दशक गेले. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० मध्ये पहिल्यांदा देवनागरी आतूनच आली. तिच्याबरोबर ‘मंगल’ हा फॉन्ट होता आणि तो काढला होता आयआयटी मुंबईत शिकवणाऱ्या सुलेखनकार र. कृ. जोशींनी. कवी म्हणून ते मराठी वाचकाला ठाऊक होते. जगभरच्या कचेऱ्यांत ज्या अक्षरात हिंदी-मराठी वाचली गेली ते अक्षर एका मराठी कवीच्या हातचे, हे फार थोड्यांना माहीत आहे. जोशी २००८ मध्ये गेले.

विंडोज एक्सपीत मात्र ही सोय झाकलेली होती. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करायची आणि मूळ सीडी घालायची. आता आपल्याकडे मूळ सीडी किती जणांकडे असणार, हे सांगायला नको. आपल्या भागात मराठी युनिकोड उशिरा पोहोचण्याचे एक कारण हे चोरीचे विंडोजही आहे.

इथे मुक्त सॉफ्टवेअरचा विषय येतो, आणि तो मला थोडा सावकाश सांगायचा आहे. इंग्रजीत ‘फ्री’ या एका शब्दात फुकट आणि स्वतंत्र असे दोन अर्थ असल्याने त्यांचा गोंधळ उडतो. मराठीत तो उडायचे कारण नाही, आपल्याकडे ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ असे दोन स्वच्छ शब्द आहेत. तरी आपण त्याला फुकटच म्हणतो! रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९८३ मध्ये जी चळवळ सुरू केली तिचे म्हणणे असे की प्रोग्रॅम कसा चालतो ते पाहण्याची, तो बदलण्याची आणि बदललेला वाटण्याची मुभा वापरणाऱ्याला हवी. पैसे घ्या किंवा घेऊ नका. लिनक्स याच परवान्याखाली वाढले.

मराठीसारख्या भाषेला याचा अर्थ काय? अर्थ असा की कंपनीला आपल्या भाषेत बाजार दिसेपर्यंत थांबावे लागत नाही. मुंबई-पुण्याची आणि इतरत्रची काही तरुण मुले ‘इंडलिनक्स’ या नावाने एकत्र आली आणि पडद्यावरच्या सूचना भारतीय भाषांत आणू लागली. त्या काळच्या मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातही लिनक्सला भारतीय लिप्या शिकवण्याचे काम चालले होते. २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ हे फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले. त्यांची देखभाल पुढे वर्षानुवर्षे तिच्या पुण्याच्या कचेरीतून झाली. लोहित फार देखणा नव्हता, हे मोकळेपणाने म्हणतो. पण तो कोणालाही घेता येत होता, दुरुस्त करता येत होता, आणि डोंगल मागत नव्हता. पुढे आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’, मुंबईच्याच ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ असे देखणे फॉन्टही मुक्त परवान्याने आले, आणि ‘मुक्त म्हणजे ओबडधोबड’ ही तक्रार मिटली.

या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग कोणाला दिसत नाही. तुमच्या अँड्रॉइड फोनवर ‘शुभेच्छा’ हा शब्द उमटतो तेव्हा च्, छ आणि काना जुळवण्याचे काम ‘हार्फबझ’ नावाचा एक मुक्त प्रोग्रॅम करतो. फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस, सगळीकडे तोच. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनवर मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसत, आठवते ना? ते चौकोन गेले, त्यात या प्रोग्रॅमचा वाटा मोठा आहे.

त्याच्या आधीच्या साध्या मोबाइलवर मराठीला आणखी एक भुर्दंड होता. इंग्रजी लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावत, देवनागरीत केवळ ७०. म्हणून आपण सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला शिकलो. ती सवय काहींची अजून गेलेली नाही. नावे घेत नाही, आपल्या ग्रुपवर ती रोज दिसतात.

सरकार जागे झाले ते २००५ नंतर. केंद्राने तमिळ आणि हिंदीपासून सुरुवात करून भारतीय भाषांचे फॉन्ट आणि सॉफ्टवेअर असलेल्या सीडी मोफत वाटल्या. नोव्हेंबर २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच प्रमाण, असे केंद्राने ठरवले. २०१० मध्ये खुल्या प्रमाणांचे धोरण आले, २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचे. या शेवटच्या धोरणात खरेदीच्या वेळी मुक्त सॉफ्टवेअरचा विचार करा आणि ते वगळायचे तर कारण द्या, असे म्हटले आहे. म्हटले आहे, एवढेच. कारण लिहिण्यात आपल्या कचेऱ्या किती पटाईत असतात हे आपल्यातले निवृत्तीला आलेले अधिकारी माझ्यापेक्षा चांगले सांगतील.

तुलनेला केरळ पाहा. तिथल्या सरकारने ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पात सरकारी शाळांचे संगणक लिनक्सवर नेले, शिक्षकांना त्याचे प्रशिक्षण दिले आणि दहावीच्या परीक्षेतही तेच ठेवले. आपल्याकडे संगणक साक्षरता घरोघरी नेली ती एमएससीआयटीने, आणि तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. आपल्या किती बहिणी-भावजयांनी तिच्यामुळे पहिल्यांदा माऊस हातात धरला. पण ‘संगणक शिकणे’ म्हणजे विंडोज आणि ऑफिस शिकणे हे समीकरणही त्याच काळात पक्के झाले. केरळच्या शाळेतला मुलगा संगणक उघडून आत पाहू शकतो, हे मला जास्त मोलाचे वाटते. यावर आपल्यात मतभेद आहेत. वर्गातले दोघे-तिघे मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत आहेत आणि त्यांचे म्हणणे असे की मुलाला नोकरीत जे लागेल ते शिकवा. त्यावर वाद घालायला स्नेहमेळाव्यात रात्र पडलेली आहे.

युनिकोडने सगळे सुटले असेही नाही. ‘वऱ्हाड’मधला अर्धा र हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो, त्याची जुळणी कशी करायची यात बराच काळ घोळ होता. ‘ॲप’मधला ॲ स्वतंत्र अक्षर म्हणून यायला २००८ उजाडले. आपण शाळेत गिरवला तो पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची वळणे, पण युनिकोडमध्ये ल एक आणि श एकच. मराठी वळण दाखवायचे की हिंदी हे फॉन्टने ठरवायचे. मंगलने हिंदी वळण दाखवले आणि आपल्या नातवंडांच्या पिढीला तेच ओळखीचे झाले. राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढून मराठी वळणांचा आग्रह धरला. पण तेव्हा पाच-दहा जणांनी आधीच प्रत्येक समितीत जाऊन बसण्याची गरज होती. भाषेचे असे निर्णय होतात ती बैठक कधी असते हे आपल्याला नंतर कळते.

आणि ही स्मरणिका? तुमचे सगळे लेख व्हॉट्सॲपवर आणि मेलवर युनिकोडमध्ये आले. तीन लेख हाताने लिहून आले, ते दोन भाच्यांनी टंकून दिले. छापखान्यात गेल्यावर मात्र तिथल्या ऑपरेटरने पहिल्याच दिवशी सगळा मजकूर त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये रूपांतरित करून घेतला. त्याचे अक्षर त्याला त्यातच सुबक बसवता येते, त्याचा हात त्यातच चालतो. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. मात्र मुद्रितशोधनात केलेल्या दुरुस्त्या त्याच्या फाइलमध्ये राहिल्या आणि आपल्या युनिकोड प्रतीत आल्या नाहीत, हे लक्षात आल्यावर समितीतल्या चौघांनी दोन रविवार बसून त्या एकेक करून मूळ प्रतीत उतरवल्या. तो युनिकोड मजकूर, साध्या टेक्स्टमध्ये, छायाचित्रांसह तीन पेनड्राइव्हवर घेतला आहे. एक शाळेच्या ग्रंथालयात, एक मुख्याध्यापकांच्या कपाटात, एक समितीच्या चिटणीसांकडे. १९९८च्या अंकाचा जेवढा भाग वाचवता आला तोही त्यात आहे. देणगीदारांच्या यादीची चार पाने अजून सापडलेली नाहीत. कोणाच्या घरी त्या अंकाची धड प्रत असेल तर मेळाव्याला येताना सोबत आणावी. तिथेच मोबाइलवर फोटो काढून परत देऊ.